रजिस्टर

(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलताना आलं तसंच ठेवलं आहे. फक्त तारखा नीट तपासून घातल्या आहेत.)



आज मला बंदुकीवर बोलायचं आहे. म्हणजे बंदुकीवर नाही, बंदुकीला लावायच्या दुर्बिणीवर. दुर्बिणीवरही नाही, त्या दुर्बिणीच्या मोबाईल ॲपवर. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, 'च्यायला, वस्तीतल्या नळाला पाणी नाही नि हा अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांची रड घेऊन आलाय.' दोस्ता, तुझा सवाल खरा आहे. त्याचं उत्तर मला देता आलं नाही तर मला हात धरून खाली बसव. मी बसेन.

आधी झालं काय ते ऐका.

साल २०१९. महिना सप्टेंबर. अमेरिकेत अमेरिकन टेक्नॉलॉजीज नेटवर्क नावाची एक कंपनी आहे. ती रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी बनवते. रात्रीच्या अंधारात सावज दिसावं, अशा. त्या दुर्बिणीसोबत वापरायचं एक ॲप होतं, ऑब्सिडियन ४. मोबाईल जोडला की दुर्बिणीतलं चित्र मोबाईलवर दिसतं, त्याचं शूटिंग करता येतं, नेम जुळवून घेता येतो. गुगलच्या ॲप-दुकानातून ते दहा हजारांहून जास्त वेळा उतरवलं गेलं होतं. ॲपल आपल्या दुकानातले आकडे सांगत नाही.

आता ही दुर्बीण म्हणजे लग्नातला कॅमेरा नाही. ती अमेरिकेबाहेर पाठवायची तर परवाना लागतो. शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणारा तिथला कायदा १९७६ चा आहे, त्याखाली नियम आहेत. सरकारचं म्हणणं असं की, कॅनडा, नेदरलँड्स, हाँगकाँग इकडे निघालेला बिनपरवान्याचा माल पकडला गेला होता. तपास करत होतं आयसीई, म्हणजे स्थलांतरितांना पकडणारं नि सीमाशुल्क बघणारं खातं. तेच ते, ज्याचं नाव घेतलं की तिथल्या मजुरांच्या वस्त्यांत दारं बंद होतात.

तर हे खातं काय करतं? माल कुणी नेला, कसा नेला, कोणत्या दुकानातून नेला, ह्याचा माग काढणं मेहनतीचं काम. त्यांनी सोपा रस्ता शोधला. जिथं ॲप चालू आहे तिथं दुर्बीण असणार. मग सगळ्या ॲपवाल्यांची यादीच मागवा! ५ सप्टेंबर २०१९ ला न्याय खात्याने कोर्टात अर्ज टाकला. ॲपल आणि गुगलने १ ऑगस्ट २०१७ पासून आजपर्यंत ज्यानं ज्यानं हे ॲप उतरवलं त्याचं नाव द्यावं, फोन नंबर द्यावा, आयपी पत्ता द्यावा. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा खोली नंबर. ॲप कधी चालवलं तेही द्यावं. दुसऱ्याच दिवशी फोर्ब्सने बातमी छापली. एकाच ॲपच्या झाडून सगळ्या वापरणाऱ्यांची माहिती ॲपल नि गुगलकडे मागितल्याचं प्रकरण त्याआधी कधी उघड झालं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. खुद्द कंपनीवर तपास नव्हता. आरोपी म्हणून कुणाचं नाव पुढं आलेलं नव्हतं. गुन्हेगार कोण ते माहीत नाही, म्हणून दहा हजारांना रांगेत उभं करा, त्यातला एखादा सापडेल.

त्या रांगेत कोण कोण होतं, जरा विचार करा. हरणाच्या शिकारीला जाणारा शेतकरी. दुर्बीण घ्यायची ऐपत नाही पण बघू तर काय आहे, म्हणून ॲप उतरवणारा पोरगा. दुर्बीण विकून टाकलेला, पण ॲप मोबाईलमध्ये तसंच पडलेला म्हातारा. ॲप उतरवणं म्हणजे दुर्बीण असणं नव्हे. दुर्बीण असणं म्हणजे ती चोरून परदेशी पाठवणं नव्हे. ह्या दोन पायऱ्यांमध्ये हजारो निरपराध माणसं आहेत, आणि सरकारनं दोन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडल्या.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय मला ह्या विषयावर बोलायचा अधिकार नाही.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, वस्तीच्या तोंडाशी माझं नेट-कॅफे होतं. पत्र्याची खोली, पाच कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये. २०११ साली सरकारने सायबर कॅफेसाठी नियम केले. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, वेळ लिहायची, ते रजिस्टर निदान वर्षभर सांभाळायचं, अधिकाऱ्यानं मागितलं तर दाखवायचं. मी इमानदारीत लिहायचो. अक्षर चांगलं आहे माझं. पोरंही विश्वासाने नाव सांगायची, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवून जायची. रेल्वेचे फॉर्म, पोलीस भरतीचे फॉर्म, स्कॉलरशिपचे फॉर्म. सगळी आपलीच पोरं.

२०१२ च्या पावसाळ्यात एक दिवस दोन शिपाई आले. कुणा पुढाऱ्याला धमकीचा मेल गेला होता. म्हणाले, रजिस्टर दे. मी म्हटलं, साहेब, कुठल्या तारखेचं बघायचंय? म्हणाले, महिन्याचं दे, सगळं. मी लेखी मागितलं नाही. समोर बसून बघा असं म्हटलं नाही. पावती मागितली नाही. रजिस्टर दिलं, झेरॉक्सची फाईल दिली, वर चहाही पाजला. छाती दडपली होती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून पोरांना बोलावणी सुरू झाली. एकेकाला बसवून ठेवलं, कुणाला दोन तास, कुणाला दिवसभर. त्यात एक पोरगा होता, त्याचं नाव मी घेत नाही. पहाटे चारला उठून मैदानावर पळायचा. भरतीच्या मैदानी चाचणीचा त्याचा दिवस होता नि तो ठाण्याच्या बाकड्यावर बसला होता. संध्याकाळी सोडलं. पुढं कळलं, तो मेल आमच्या कॅफेतून गेलाच नव्हता.

तो पोरगा रात्री माझ्याकडे आला. ओरडला नाही. म्हणाला, 'दादा, तू माझं नाव दिलंस?' मी म्हटलं, 'नाही रे, मी तुझं नाव नाही दिलं. मी रजिस्टर दिलं.'

मित्रांनो, हे वाक्य मी बोललो तेव्हा मला ते खरंच वेगळं वाटत होतं. नाव देणं म्हणजे चुगली, दगाबाजी. रजिस्टर देणं म्हणजे कागदोपत्री काम. नाव द्यायला माझी जीभ अडखळली असती. चाळीसेक नावं एकदम द्यायला काही अडखळलं नाही. तो पोरगा बराच वेळ उभा राहिला नि निघून गेला. परत कॅफेत आला नाही. मी कॅफे नंतर दोन वर्षांनी बंद केलं, त्याचं कारण मोबाईल स्वस्त झाले. पण ते वाक्य डोक्यात बंद झालं नाही.

म्हणून २०१९ ची ती बातमी मी वाचली तेव्हा मला बंदूक दिसली नाही. मला माझं टेबल दिसलं. ॲपल आणि गुगल म्हणजे माझंच नेट-कॅफे, फक्त सगळ्या जगाएवढं मोठं. त्यांच्या रजिस्टरमध्ये आपण रोज नाव लिहितो, अंगठा लावून लिहितो. फरक एवढाच, माझ्या पोरांना निदान माहीत होतं की दादा वहीत लिहितोय.

आता मागच्या बाकावरच्या दोस्ताच्या सवालाकडे येतो. बंदूकवाल्यांची बाजू आपण का घ्यायची?

मी त्यांची बाजू घेत नाही. बंदूक हा माझा देव नाही. चोरट्या शस्त्रव्यापारावर मरणारा माणूस कुठल्याही देशात गरीबच असतो, आणि तो व्यापार अडवलाच पाहिजे. मी बोलतोय ते यादीबद्दल. यादी मागायची सवय सत्तेला कशी लागते नि ती सवय शेवटी कुणाच्या दारात येते, त्याबद्दल.

अमेरिकेचाच इतिहास घ्या. १९५६. अलाबामा राज्य. माँटगोमेरीच्या बसवर काळ्या माणसांनी बहिष्कार टाकला होता ते दिवस. गोऱ्यांचं राज्य सरकार चिडलेलं. त्यांनी एनएएसीपी ह्या काळ्यांच्या संघटनेला कोर्टात खेचलं नि हुकूम मिळवला, तुमच्या सभासदांची यादी आणून द्या. नावं नि पत्ते. संघटनेनं बाकीचे कागद दिले. सभासदांची नावं दिली नाहीत. कोर्टाने आधी दहा हजार डॉलर दंड लावला, तो वाढवून एक लाख केला. तरी दिली नाहीत. कारण नाव बाहेर पडलं की नोकरी जाते, भाड्याचं घर जातं, रात्री घरावर बाँब पडतो, हे त्यांना पुस्तकात वाचायला लागत नव्हतं. ३० जून १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सभासदांची नावं उघड करायला लावणं म्हणजे संघटना करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. आणि निकाल जिंकूनही अलाबामात पुन्हा उघडपणे काम करायला त्यांना १९६४ उजाडावं लागलं. निकाल कागदावर, सत्ता रस्त्यावर!

आता बंदुकीकडेच या. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरची पोरं भरलेल्या बंदुका उघड घेऊन आपल्या वस्तीत फिरत. पोलीस काळ्या माणसाला अडवून मारतात, म्हणून पोलिसांवर पहारा. कायद्यानं त्याला तेव्हा बंदी नव्हती. गोरा माणूस फिरला तर कुणाला फरक पडत नव्हता. पण काळी पोरं फिरायला लागल्याबरोबर मलफर्ड नावाच्या आमदाराचं विधेयक आलं. त्याचा निषेध करायला २ मे १९६७ ला पँथर बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी रोनाल्ड रेगन ह्या गव्हर्नरने विधेयकावर सही केली. ज्यांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ही माणसं. तेव्हा अमेरिकेतल्या बंदुकीशी आपला संबंध काय, हे विचारणाऱ्यानं आपल्या संघटनेच्या नावाकडे एकदा बघावं.

आणि त्या पँथरचं पुढं काय झालं? एफबीआयने त्यांच्यात खबरे पेरले. फ्रेड हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे शिकागोत पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला नि त्याला ठार केलं. त्याच्या घराचा नकाशा, कुठली खोली कुठं, झोपायची खोली कोणती, हे खबऱ्यानं आधीच पोचवलं होतं. तेव्हा घराचा नकाशा काढायला हाडामांसाचा खबऱ्या लागायचा. त्याला पगार द्यावा लागायचा. आता तो खबऱ्या आपण स्वतः विकत घेतो, हप्त्यावर घेतो, रात्री उशाशी ठेवून त्याला चार्ज करतो.

आपल्याकडचं सांगायला नको, पण सांगतो. १८७१ साली इंग्रजाने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमाती रजिस्टरमध्ये घातल्या. गुन्हा केला म्हणून नाही, जन्माला आले म्हणून. हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. सोलापूरच्या सेटलमेंटच्या काटेरी तारा आपल्या पारधी, कैकाडी भावांच्या आजा-आजींनी पाहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. पण अजून चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते? रजिस्टर जळालं तरी त्याचा धूर सत्तर-सत्तर वर्षं जात नाही.

आता कायद्याचं थोडं. कंटाळा येईल, पण हे समजून घ्या, कारण उद्या तुमच्यातला कुणी वकील होणार आहे.

अमेरिकेच्या घटनेत १७९१ सालापासून चौथी दुरुस्ती आहे. झडती घ्यायची तर ठोस कारण पाहिजे, नि कुठली जागा, कुठली वस्तू, हे वॉरंटात लिहिलेलं पाहिजे. हे का आलं? कारण इंग्रजांचे अधिकारी नाव नसलेलं वॉरंट घेऊन कुणाच्याही घरात शिरायचे. पण मग १९७६ नि १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एक पळवाट उघडी केली. माणसानं आपली माहिती आपणहून बँकेला दिली, टेलिफोन कंपनीला दिली, तर ती खासगी राहिली नाही. म्हणजे सरकारला तुमच्या घरी यायची गरजच नाही. कंपनीच्या घरी जायचं.

२०१८ साली कार्पेंटर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, ती पळवाट थोडी अरुंद झाली. एखाद्या माणसाचा मोबाईल आठवडाभर कुठं कुठं फिरला ह्याची नोंद हवी तर वॉरंट आणा, असं न्यायालय म्हणालं. तरी पुढच्याच वर्षी हे दुर्बिणीचं प्रकरण आलं. गंमत बघा, १९८६ साली अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांनी स्वतःच्या जोरावर कायदा करून घेतला होता की केंद्र सरकारने बंदूकमालकांचं रजिस्टर तयार करायचं नाही. केवढी ताकदवान जमात ती! पैसा आहे, खासदार खिशात आहेत. आणि त्यांचीही यादी एका अर्जाने मागता येते. मग ज्याच्यामागं खासदार नाही, त्याचं काय?

त्याचं काय ते लगेच दिसलं. २०२० साली बाहेर आलं की नमाजाची वेळ नि दिशा सांगणारं मुस्लिम प्रो हे ॲप, त्याच्या वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा दलालांमार्फत अमेरिकी लष्कराला माल विकणाऱ्यांपर्यंत पोचत होता. तिथं तर कोर्टाचा अर्जही नाही. सरळ बाजारात विकत. मागून मिळालं तर मागायचं, नाहीतर विकत घ्यायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच आयसीई खात्याची माणसं कुठं दिसली हे लोकांनी लोकांना कळवायचं आइसब्लॉक नावाचं ॲप, अमेरिकेच्या न्याय खात्यानं सांगितल्यावर ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकलं. दुर्बीणवाल्याची यादी मागणारं खातं नि मजुराचं ॲप बंद करायला सांगणारं खातं एकच आहे. मागच्या बाकावरच्या दोस्ता, हा संबंध.

कुणी म्हणेल, मग तपास करायचाच नाही का? करायचा. जरूर करायचा. माल हाँगकाँगला निघाला तर पार्सल कुणी टाकलं ते बघा. दुर्बिणीवरचा नंबर बघा. कंपनीनं ती कुठल्या दुकानदाराला विकली ते बघा. संशयित सापडला की त्याच्या एकट्याचं वॉरंट काढा. हाँगकाँगमध्ये ॲप चालतंय का हेच बघायचं असेल तर तेवढंच मागा, अमेरिकेतल्या खेड्यातल्या शिकाऱ्याचं नाव कशाला? ह्याला वेळ लागतो, पाय दुखतात, हे मान्य. पण पोलिसाचे पाय दुखू नयेत म्हणून दहा हजारांनी आपली नावं द्यायची, हा कुठला न्याय?

आपल्याकडं २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. काही लोक म्हणतात, खासगीपणा ही बंगल्यातल्यांची चैन. दहा बाय दहाच्या खोलीत कसला आलाय खासगीपणा? मी म्हणतो, दहा बाय दहामध्ये राहणाऱ्यालाच त्याची किंमत ठाऊक. ज्याला आडनाव विचारून खोली नाकारली गेलीय, त्याला माहिती म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला. त्याचं सतरावं कलम घरी जाऊन वाचा. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कुठल्याही संस्थेला ह्या कायद्यातून सूट देऊ शकतं. कुंपण घातलं नि फाटकाची किल्ली ज्याच्यापासून राखायचं त्याच्याच हातात दिली.

मग करायचं काय? मी मोठ्या क्रांतीची भाषा करणार नाही. तुमच्यातले निम्मे उद्या कुठल्या ना कुठल्या टेबलामागं बसणार आहेत. कॉल सेंटर, मोबाईलचं दुकान, हॉस्पिटलचं काउंटर, कॉलेजचं ऑफिस. तुमच्या हातात रजिस्टर असणार. एक दिवस कुणीतरी येईल नि म्हणेल, सगळं दे.

तेव्हा चार सवाल विचारा. हात थरथरले तरी विचारा. कुणाचं पाहिजे? कुठल्या दिवसाचं पाहिजे? कुठल्या गुन्ह्यासाठी पाहिजे? लेखी कुठं आहे? कायद्यानं दाखवणं भाग असेल तर दाखवा, जेवढं मागितलंय तेवढंच, आणि पावती घ्या. आणि आपल्या संघटनेतही कारण नसताना याद्या करू नका. सभेला आलेल्यांचे फोन नंबर कशाला पाहिजेत ते ठरवा, काम झालं की कागद फाडा. आज ह्या शिबिरात दाराशी हजेरीचा कागद होता. तो कुणाच्या खिशात आहे? भाषण संपल्यावर तो मला दाखवा, आपण सगळ्यांसमोर ठरवू त्याचं काय करायचं.

तो पळणारा पोरगा मला गेल्या वर्षी भेटला. एका सोसायटीच्या गेटवर रखवालदार आहे. आत जाणाऱ्याचं नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर वहीत लिहून घेतो. मला ओळखलं त्यानं. वही पुढं केली. मी पेन हातात घेतलं नि थांबलो. तो म्हणाला, 'लिही दादा, लिहावंच लागतं.' मी लिहिलं. मग त्याला विचारलं, ही वही कुणी मागितली तर देशील का? तो हसला नाही. म्हणाला, 'एक पान देईन. ते पण सही घेऊन.'

माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याच्याकडून मी शिकलो ते तुम्हाला सांगायला आलो होतो. आता सवाल विचारा. जयभीम.